ज्योतिषवाणी, चारशे ऐंशी मिनिटं

टेलिफोनच्या बाबतीत चंद्रभागाबाई ओव्हाळांना काही समजावून सांगणं म्हणजे मार्केट यार्डातल्या हमालाला पोतं कसं उचलायचं ते दाखवण्यासारखं होतं. अडतीस वर्षं त्यांनी पुण्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, दोन्ही हातांत लाइन जोडायच्या दोऱ्या, आणि पलीकडे घसा फोडून बोलणारं अर्धं पुणं.

"अहो बाई, सकाळी नऊला नागपूर मागितलंय. आता चार वाजले."

"नागपूर लांब आहे साहेब," असं चंद्रभागाबाई शांतपणे सांगायच्या आणि दुसरी दोरी खोचायच्या.

फोनवर कसं बोलायचं हे निम्म्या पुण्याला मी शिकवलं, असं त्या अजूनही सांगतात. उरलेल्या निम्म्यांना ते आजतागायत आलेलं नाही, हेही सांगतात.

एक्स्चेंजनं त्यांच्या अंगात दोन नियम असे मुरवले होते की निवृत्तीला पंधरा वर्षं होत आली तरी ते निघाले नाहीत. पहिला, लोकांचं बोलणं चाललं असताना ऑपरेटरनं लाइनवर कान लावायचा नाही. दुसरा, बोलणं संपल्याचा दिवा लागल्याशिवाय दोरी उपटायची नाही. समोरचा शिव्या देवो की कविता म्हणो, ऑपरेटरनं आपण होऊन लाइन तोडायची नाही. या दुसऱ्या नियमापायी त्यांनी एकदा एका साड्यांच्या व्यापाऱ्याची पाऊण तास बोलणी खाल्ली होती. शेवटी तोच दमला.

आता घरी, मार्केट यार्डाच्या मागच्या सोसायटीत, मुलगा इंद्रजीत आणि सून ऋतुजा यांनी 'झुळूक' नावाच्या कंपनीचं ब्रॉडबँड घेतलं होतं. त्याच्याबरोबर घरचा फोन फुकट होता. चंद्रभागाबाईंनी दोनच अटी घातल्या. फोन वायरवालाच पाहिजे आणि बिल कागदावरच पाहिजे. बाकी मोबाइल नंबर, ओटीपी वगैरे सगळं ऋतुजाच्या नावावर टाकलं, कारण तिला ते भराभर जमायचं.

दिवसा फोन सहसा वाजायचा नाही. पण तीन-साडेतीन आठवड्यांपासून रोज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तो वाजत होता, रविवार सोडून. इंद्रजीत कामावर, ऋतुजा तिच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये. चंद्रभागाबाई पदराला हात पुसत फोन उचलायच्या. पलीकडून एक गोड आवाजाची बाई म्हणायची, "नमस्कार. झुळूक परिवारातर्फे आपलं स्वागत."

पहिल्या वाक्यातच त्यांनी ओळखलं. काहीतरी विकणारी होती. हल्लीची माणसं असे फोन ताडकन आपटतात. पण चंद्रभागाबाईंच्या कानावर अडतीस वर्षं लोकांनी फोन आपटले होते. उन्हातान्हात पोटासाठी बोलणाऱ्या बाईचा अपमान त्यांच्याकडून होणं शक्य नव्हतं.

"मला काही घ्यायचं नाही, बाई," त्या म्हणायच्या. "पण तुमचं जे काय सांगायचं ठरलंय ते सांगून घ्या. तुम्हालाही वर कुणाला तरी दाखवायचं असणार."

मग त्या रिसीव्हर घडी घातलेल्या नॅपकिनवर आडवा ठेवायच्या आणि भाजी चिरायला जायच्या. कान लावायचा नाही हा नियमच होता. वीस-पंचवीस मिनिटांनी बाईचं आटोपायचं. "धन्यवाद. आपला दिवस चांगला जावो," असं ऐकू आलं की चंद्रभागाबाई रिसीव्हर उचलून "तुमचाही जावो, मध्ये मध्ये पाणी पीत जा," म्हणायच्या आणि फोन ठेवायच्या. येणाऱ्या फोनला आपले पैसे पडत नाहीत हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

पाच तारखेला बिल आलं. दर महिन्याला सव्वाआठशेच्या आसपास असणारा आकडा तीन हजार सहाशे सत्तावन्न झाला होता.

चंद्रभागाबाईंनी चष्मा पुसला, पट्टी आणली, आणि एकेका ओळीखाली पट्टी सरकवत बिल वाचलं. ब्रॉडबँड बरोबर. कर बरोबर. आणि मग ती ओळ आली. 'ज्योतिषवाणी प्रीमियम, बारा राशी, ४८० मिनिटं.'

पैशांचं एक वेळ ठीक होतं. पण ज्योतिष, तेही ओव्हाळांच्या घरात.

छप्पन साली चंद्रभागाबाई चार वर्षांच्या होत्या. वडिलांनी दीक्षा घेतली आणि घरी आल्याबरोबर पंचांग, पत्रिका, कुणाकुणाचे ताईत, सगळं बंबात घातलं. त्या दिवशी आंघोळीचं पाणी फार कढत झालं होतं, एवढं त्यांना अजून आठवतं. मुलीचं नाव तेवढं आधीच ठेवून झालं होतं, ते राहिलं. तेव्हापासून त्या घरात कुणाची रास कुणाला माहीत नव्हती. विहारातल्या महिला मंडळात अंधश्रद्धेवर बोलायचं असलं की चंद्रभागाबाईंनाच उभं करायचे. आणि त्याच चंद्रभागाबाईंच्या नावानं चारशे ऐंशी मिनिटं भविष्य ऐकलं गेलं होतं. म्हणजे आठ तास. नागपूरसुद्धा तेवढ्यात लागायचं.

संध्याकाळपर्यंत त्यांचा पाय घरात ठरला नाही. बिल फ्रिजवर ठेवलं, फ्रिजवरून टीव्हीवर ठेवलं, टीव्हीवरून उचलून पुन्हा वाचलं. इंद्रजीतला भविष्यात रस नव्हता, त्याला उद्याचा डबा काय आहे एवढंच भविष्य लागायचं. राहिली ऋतुजा.

ऋतुजा वारज्याची. तिचे वडील दत्तोबा जुने शेतकरी, गाव शहरात आल्यावर त्यांच्या जमिनीवर इमारत उभी राहिली होती. माणसं चांगली, पण गाडी घ्यायची तरी मुहूर्त बघणारी. सहा वर्षांपूर्वी लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडे बरीच धुसफूस झाली होती. पण ऋतुजा आली ती अशी मिसळली की विहारातल्या बायका चंद्रभागाबाईंना म्हणायच्या, सून तुमच्यापेक्षा बरी बोलते. दत्तोबांना बिल्डरकडून तीन फ्लॅट मिळाले, त्यातला एक ते लेकीला द्यायला निघाले होते. ऋतुजा दर वेळी एकच सांगायची, "मला आईंजवळ बरं वाटतं." ही गोष्ट चंद्रभागाबाईंनी सोसायटीत सगळ्यांना निदान दोन-दोनदा सांगितली होती.

पण ऋतुजा त्याच फोनवरून आईशी बोलायची. रोज बोलायची. चंद्रभागाबाईंच्या डोक्यात दोरी भोकात बसली.

रात्री पानं वाढली. इंद्रजीतनं पहिला घास घेतला.

"ऋतुजा," चंद्रभागाबाई आमटी वाढता वाढता म्हणाल्या, "मीन राशीला उद्याचा दिवस कसा आहे गं?"

"मला कसं माहीत असणार, आई?"

"आठ तास ऐकल्यावर एवढं तरी लक्षात राहायला हवं."

ऋतुजानं नवऱ्याकडे पाहिलं. इंद्रजीतनं ताटाकडे. चंद्रभागाबाईंनी कमरेला खोचलेलं बिल काढून चटणीच्या वाटीशेजारी ठेवलं. ऋतुजानं ते वाचलं.

"मी नाही ऐकलं."

"मी कुठे म्हटलं तू ऐकलंस? फोननं स्वतःच ऐकलं असेल. एकटा असतो दिवसभर, कंटाळत असेल."

"आई," इंद्रजीत म्हणाला.

"अरे, मी काही बोलतेय का? पैसे मी भरीन. फक्त ऐकायचंच होतं तर सांगून ऐकावं. पंचांग आणून देते. तुझ्या आजोबांनी बंबात घातलं त्यानंतरचं पहिलंच."

ऋतुजानं अर्धी भाकरी संपवली, ताट उचललं, घासून ठेवलं आणि खोलीत गेली. ती ओरडली असती, रडली असती, तर चंद्रभागाबाईंना बरं वाटलं असतं. एक्स्चेंजमध्ये त्यांना सगळ्या प्रकारचे आवाज हाताळता यायचे. नुसती शांत लाइन मात्र कधी कळली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर रिकामं झाल्याबरोबर त्यांनी झुळूकच्या तक्रार केंद्राला फोन लावला. मराठीसाठी एक दाबा, बिलासाठी तीन दाबा, पुन्हा एकदा विचार करण्यासाठी नऊ दाबा. मग संगीत लागलं. इंद्रजीत अशा वेळी चिडून फोन ठेवतो. चंद्रभागाबाई उभ्याउभ्या लसूण सोलत राहिल्या. पाव किलो लसूण सोलून झाला तेव्हा एक मुलगा आला.

"मॅम, ही सर्व्हिस यूज झालेली दिसतेय."

"कुणी केली?"

"तुमच्या घरूनच झालीये मॅम. फॅमिलीतलं कुणीतरी ऐकतंय."

"किती वाजता?"

"टायमिंगची डिटेल इथून दिसत नाही मॅम, ती आमच्या हडपसरच्या ऑफिसला दिसते. मी कम्प्लेंट रजिस्टर करतो. अजून काही मदत करू शकतो का मॅम?"

"तुम्ही कुठली मदत केलीत ते आधी सांगा."

मुलानं कम्प्लेंट नंबर दिला. चौदा आकडी होता. चंद्रभागाबाईंनी तो एकदा ऐकून पाठ म्हणून दाखवला, तर मुलगा म्हणाला, "वॉव." एवढंच त्या फोनमधून हाती लागलं. त्यांनी फोन ठेवला आणि पाचच मिनिटांत, अकरा दहाला, तो वाजला.

"बोला बाई," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "आज माझं डोकं ठिकाणावर नाही, पण तुमचं चालू द्या."

रिसीव्हर नॅपकिनवर गेला.

आता त्यांनी पाळत सुरू केली. पूर्वी फोनच्या डायलला छोटं कुलूप लावायचे. ते आता मिळत नाही, म्हणून त्यांनी फोनच कुलपात घातला. संध्याकाळी सहाला ऋतुजा यायच्या आधी वायर काढायची, फोन पिशवीत गुंडाळून आपल्या कपाटात, पैठणीखाली. सकाळी दोघं बाहेर पडले की पुन्हा बाहेर काढून जोडायचा. आणि चार-चार दिवसांनी तक्रार केंद्राला फोन करून मिनिटं विचारायची.

मिनिटं वाढतच होती. चार दिवसांत शहाण्णव. आठ दिवसांत एकशे अडुसष्ट, मध्ये रविवार आला म्हणून.

चंद्रभागाबाईंनी कॅलेंडरच्या मागे आकडेमोड केली. दिवसाला बरोबर चोवीस मिनिटं. बारा राशी, दर राशीला दोन मिनिटं. रविवारी सुट्टी. एवढं सगळं त्यांनी कागदावर अचूक काढलं आणि एक्स्चेंजमध्ये असत्या तर शाबासकी मिळाली असती. मग त्यांनी निष्कर्ष काढला.

"ती लॅबमधून ऐकते," त्यांनी इंद्रजीतला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं. "वायफायवरून."

"आई, घरचा फोन वायफायवरून लॅबमध्ये ऐकता येत नाही."

"मला फोनमधलं शिकवू नकोस."

फोन कपाटात असल्यामुळे एक वेगळंच झालं. ऋतुजाच्या आईला रोज संध्याकाळी घरच्या फोनवर बोलायची सवय. चार दिवस नुसतीच घंटी वाजलेली ऐकून तिनं पाचव्या दिवशी मोबाइल लावला. ऋतुजा बाल्कनीत होती, स्पीकर चालू राहिला होता.

"काय गं, फोन का उचलीत न्हाई कुनी? घरात समदं ठीक हाय ना?"

"ठीक आहे. फोन कपाटात असतो संध्याकाळी."

"कपाटात? फोन काय दागिना हाय व्हय?"

"नाही गं. माझ्यापासून लपवून ठेवलाय."

बाल्कनीतून एवढंच ऐकू आलं. चंद्रभागाबाई हॉलमध्ये उशांचे अभ्रे बदलत होत्या. चारही अभ्रे त्यांनी उलटे घातले, काढले आणि पुन्हा उलटेच घातले.

त्यात इंदुबाई आल्या. इंदुबाई खालच्या मजल्यावर राहायच्या आणि विहारातल्या महिला मंडळाच्या सचिव होत्या. बिलाचा पाकीटवाला पत्ते नीट वाचत नसे, त्यामुळे ओव्हाळांचं बिल आधी इंदुबाईंच्या दारात पडायचं आणि इंदुबाई ते वर आणून द्यायच्या. पाकिटाला खिडकी होती. खिडकीतून किती दिसतं हे इंदुबाईंच्या नजरेवर अवलंबून होतं, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं होतं.

"जय भीम, चंद्रभागाबाई. रविवारचं तुमचं भाषण आहे ना?"

"जय भीम. आहे की."

"अंधश्रद्धेवरच का?"

"दर वर्षी त्याच्यावरच असतं."

"नाही, म्हटलं या वर्षी विषय बदलायचा असला तर. बायका विचारतात हो." इंदुबाईंनी चहाचा घोट घेतला. "म्हणजे, तुमची रास कोणती, असंच विचारतात. मी म्हटलं, मला काय माहीत."

चंद्रभागाबाईंनी तो विषय बदलला. रविवारी त्या पाणी उकळून पिण्याचं महत्त्व या विषयावर बोलल्या. बायकांनी फार लक्षपूर्वक ऐकलं. पाण्यासाठी नव्हे.

त्याच रात्री इंद्रजीत त्यांच्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेवर बसला. तो लहानपणापासून वाईट बातमी अशीच कडेवर बसून सांगायचा.

"आई, ऋतुजानं वारज्याच्या फ्लॅटची किल्ली मागवलीये तिच्या बाबांकडून."

"कशाला?"

"बघायला."

"सहा वर्षं बघितला नाही. आता काय त्याला नवीन खिडक्या फुटल्या?"

"तू तिला सॉरी म्हण ना."

"मी? कशाबद्दल? मी एक शब्द तरी वावगा बोललेय का?"

"तेच तर. तू एक शब्दही वावगा बोलत नाहीस. तू नुसतं विचारतेस." तो उठला. "ती सोमवारपासून माझ्याशीपण नीट बोलत नाहीये. मी काय केलंय?"

"तू भाकरी खात होतास," चंद्रभागाबाई म्हणाल्या, आणि आपण हे नक्की कुणाच्या बाजूनं म्हटलं ते त्यांनाही कळेना.

रात्रभर त्या कूस बदलत राहिल्या. वारज्याहून मार्केट यार्ड काही परदेश नाही, हे त्यांना कळत होतं. पण संध्याकाळी सहाला दारात किल्ली फिरण्याचा आवाज येणार नाही, लॅबमध्ये कुणाची सुई कशी वाकडी गेली ते कुणी सांगणार नाही, चहात आलं जास्त झालं म्हणून कुणी नाक मुरडणार नाही. फोन मात्र राहील. चोवीस तास बाहेर, कुलपाशिवाय.

सकाळी त्यांनी ठरवलं. हडपसरला जायचं, वेळा मागायच्या, आणि कागद ऋतुजासमोर ठेवायचा. ती ऐकत असेल तर कागद बोलेल. ऐकत नसेल तर... या दुसऱ्या भागाचा विचार त्यांनी बसमध्ये बसेपर्यंत पुढे ढकलला.

पुलगेटला बस बदलून, दोनदा रिक्षावाल्याशी आणि एकदा वॉचमनशी हुज्जत घालून त्या झुळूकच्या काचेच्या ऑफिसात पोचल्या तेव्हा साडेबारा झाले होते. प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये बिल, चौदा आकडी नंबर, कॅलेंडरमागची आकडेमोड आणि निवृत्तीच्या वेळचं प्रशस्तिपत्र होतं. काउंटरवर ऋतिका नावाची मुलगी होती. चेहऱ्यावरून नुकतीच कामाला लागलेली वाटत होती, कारण अजून हसत होती.

"बसा ना आजी."

"बसायला आले नाही. मला वेळा पाहिजेत."

ऋतिकानं कीबोर्ड बडवला. "हो, दिसतायत. रोज सेम टाइम आहे, किती मस्त. सकाळी अकरा दहा ते अकरा पस्तीस. संडे सोडून."

"सकाळी?"

"हो. आणि आजचा मिस आहे. आज कुणी उचललाच नाही."

चंद्रभागाबाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

"उचलला नाही म्हणजे? फोन इकडून जातो का तिकडून येतो?"

"आमच्याकडून जातो. प्रमोशनल कॉल असतो ना. पहिलं मिनिट फ्री. मग ती सांगते की पुढे ऐकायचं असेल तर लाइनवर राहा, मिनिटाला पाच रुपये. नको असेल तर फोन ठेवून द्या. बहुतेक लोक आधीच ठेवतात." ऋतिका स्क्रीनकडे झुकली. "तुमच्याकडे मात्र बाराच्या बारा राशी ऐकतात. एकही दिवस मध्ये कट नाही. आमच्या टीममध्ये बोलतात या नंबरबद्दल. पूर्ण पुण्यात असा एकच आहे."

"ती बाई," चंद्रभागाबाई हळू म्हणाल्या, "ती रोज एवढं बोलते, तिला जेवायची सुट्टी देता का तुम्ही?"

"कोणती बाई? रेकॉर्डिंग आहे ते आजी."

"माणूस नाही?"

"मशीन आहे."

पैसे गेले त्याचं त्यांना तेवढं लागलं नाही. सुनेवर आळ घेतला त्याचं आत कुठेतरी चर्र झालं, ते पुढे दिवसभर होत राहणार होतं. पण त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली ती नॅपकिनची घडी, आणि मशीनला रोज पाणी प्यायला सांगणारी एक निवृत्त ऑपरेटर.

ऋतिकाला त्यांचा चेहरा बघून वाईट वाटलं असावं. "टेन्शन घेऊ नका. मी आत्ता कायमची बंद करते. आणि पैसेपण परत येतील, फक्त कारण सिलेक्ट करावं लागतं. दोनच ऑप्शन आहेत. एक, घरातल्या दुसऱ्या सदस्यानं न विचारता सेवा वापरली. दोन, ग्राहकाची स्वतःची चूक. पहिलं टाकलं की पूर्ण रिफंड. दुसऱ्याला काही नाही. मी पहिलं टाकते."

"टाका," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"सदस्याचं नातं?"

"म्हणजे?"

"कुणी वापरलं ते लिहावं लागतं. सून टाकू का? बहुतेक जण सूनच टाकतात."

चंद्रभागाबाईंनी फाइल उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, मग परत उजव्या.

"त्याचं पुढे काय होतं?"

"काहीच नाही. नुसतं रेकॉर्डला राहतं."

"किती वर्षं?"

"आठ."

"दुसरं टाका."

"पण आजी, पैसे—"

"दुसरं टाका म्हटलं ना. माझी चूक."

"ओके." ऋतिका नाइलाजानं टाइप करू लागली. "थोडक्यात डिटेल सांगा. तीस अक्षरं बसतात."

"लिहा. ग्राहकानं अडतीस वर्षं ट्रंक एक्स्चेंजमध्ये नोकरी केली असून, समोरच्याचं बोलणं पूर्ण झाल्याशिवाय—"

"नाही बसत."

"अडतीस वर्षं तेवढं ठेवा."

"नाही बसत आजी." ऋतिकानं थोडा विचार केला, पटापट पाच शब्द टाइप केले आणि एंटर दाबलं. "झालं. मेसेज गेला."

"कुठे गेला?"

"रजिस्टर्ड मोबाइलवर. ऋतुजा मॅमच्या."

परतीच्या बसमध्ये चंद्रभागाबाईंना खिडकीची जागा मिळाली, पण त्या बसल्या नाहीत. दांड्याला धरून त्या सबंध रस्ता वाक्यं जुळवत होत्या. 'ऋतुजा, माणसाचा कधी कधी गैरसमज होतो.' यात माणूस कोण ते कळत नव्हतं. 'ऋतुजा, झालं गेलं ते सोडून देऊ.' हे म्हणायचा हक्क ज्याचं झालं गेलं त्याचा. फातिमानगरपर्यंत सात वाक्यं तयार झाली आणि पुलगेटला सातही उतरून गेली. मेसेजमध्ये काय लिहिलंय ते विचारायचं राहिलं होतं, हे त्यांना स्वारगेटला आठवलं.

घरी पोचल्या तर दार उघडंच. ऋतुजा त्या दिवशी लवकर आली होती. इंद्रजीतही आला होता, आणि आईला बघून तो काही कारण नसताना स्वयंपाकघरात गेला. ऋतुजाच्या हातात मोबाइल होता.

"आई, मेसेज आलाय," ती म्हणाली. आणि तिनं अजिबात न हसता वाचून दाखवला. "प्रिय ग्राहक, आपली तक्रार बंद करण्यात आली आहे. कारण, ग्राहकाची स्वतःची चूक. तपशील, ग्राहकास फोन ठेवता येत नाही."

स्वयंपाकघरात काहीतरी स्टीलचं खाली पडलं. मग दाबलेल्या हसण्याचा आवाज आला, मग नळ सुरू झाला.

"कोण ऐकत होतं?" ऋतुजानं विचारलं.

"कुणीच नाही," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "तीच तर गंमत आहे. मी फोन उचलून बाजूला ठेवत होते. मला वाटलं, बाई आहे बिचारी, बोलू दे." त्या चपला न काढताच उभ्या होत्या. "मशीन निघालं."

ऋतुजानं मोबाइल टेबलावर ठेवला.

"चुकलं माझं," चंद्रभागाबाई म्हणाल्या. सातांपैकी हे एकही वाक्य नव्हतं. "मी तुला त्या रात्री जे बोलले ते, आणि फोन कपाटात ठेवला तेही. तुझ्या आईलाही मी फोन करून सांगते."

"सांगा."

"आत्ता सांगू?"

"चपला काढा आधी."

त्यांनी चपला काढल्या. ऋतुजानं पाण्याचा पेला आणून दिला आणि समोरच्या खुर्चीत बसली. चंद्रभागाबाईंनी पाणी संपवलं.

"राग गेला का तुझा?"

"आई, सव्वीस दिवस झाले. मी नुसती गप्प होते. रागवायचं राहूनच गेलंय. निदान आठवडाभर तरी रागवू द्या मला व्यवस्थित."

"रागव."

"रागवणार आहे."

"आणि वारज्याचं?"

ऋतुजानं पर्समधून किल्ली काढून टेबलावर ठेवली. तिला प्लॅस्टिकचं पिवळं लेबल होतं, त्यावर दत्तोबांच्या अक्षरात फ्लॅटचा नंबर.

"रविवारी बघून येणार आहे. ठरवलेलं काहीच नाही. नुसतं बघायचंय, आणि बघायला काही पैसे पडत नाहीत."

चंद्रभागाबाईंनी रिकामा पेला खाली ठेवला.

"ऐकायलाही पडत नाहीत, असं मला वाटलं होतं," त्या म्हणाल्या.